आकाशमार्गाची घरगुती नोंद : साखरखेर्ड्यातील थेट विमान-नकाशाची प्रस्तावना

मुंबई आणि नागपूर येथील विमानतळांना जोडणारी सरळ रेषा नकाशावर ओढली, तर ती बुलढाणा जिल्ह्याच्या सिंदखेड राजा तालुक्यातील साखरखेर्डा या गावाच्या जवळजवळ माथ्यावरून जाते. विमाने प्रत्यक्षात अशा रेषेवरून काटेकोरपणे उडत नाहीत, कारण हवाई वाहतूक नियंत्रण त्यांना ठरावीक बिंदूंच्या मालिकेतून नेते आणि वारा, ढग व इतर वाहतूक यांमुळे त्या मालिकेतही फेरबदल होत राहतात. तरीही मुंबईहून नागपूर, रायपूर किंवा कोलकात्याकडे जाणारा थेट मार्ग याच पट्ट्यातून निघतो, आणि दिल्ली–बेंगळुरू ही दुसरी मोठी रेषा गावाच्या पूर्वेला सुमारे शंभर किलोमीटरवर, वाशिमच्या पलीकडून, या पट्ट्याला छेदून जाते. ज्या गावात विमानतळ तर नाहीच, पण रेल्वेस्थानकही नाही, त्याच्या आसपासच्या आकाशात अशी एक चौफुली असावी, ही गोष्ट स्थानिकांच्याही सहसा ध्यानात येत नाही. मुंबई आणि नागपूर यांनाच जोडणारा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून जातो, त्यावर कोठे चढता येते आणि कोठे उतरता येते हे तालुक्यातील प्रत्येकास ठाऊक असते. त्याच्या दहा किलोमीटर वरून जाणाऱ्या मार्गाची ओळख मात्र सकाळच्या उन्हात चमकणारी पांढरी रेघ आणि रात्री सरकणारा दिवा यांपलीकडे जात नाही. ती ओळख घरच्या घरी, स्वतःच्या छतावरील अँटेनाच्या आधारे आणि कोणत्याही संकेतस्थळावर विसंबून न राहता कशी वाढवता येते, हा या पुस्तिकेचा विषय आहे.

आपल्या मुलखातून कोण जाते याची खबर ठेवणे हे काम दीर्घकाळ राज्यसत्तेचे होते. ऑक्टोबर १७२४ मध्ये साखरखेर्ड्याजवळ निजाम-उल्-मुल्क आणि मुबारिझखान यांच्यात लढाई झाली, मुबारिझखान मारला गेला, दख्खनमधील निजामाची सत्ता व्यवहारतः स्वतंत्र झाली आणि विजयाची आठवण म्हणून गावाला फत्तेखेर्डा हे नाव देण्यात आले. त्या काळी शत्रूचे लष्कर कोठवर आले याची बातमी हरकारे आणि जासूद आणत. ती कित्येकदा शिळी असे आणि ज्याच्या पदरी हरकारे त्याच्याच कानी ती पडे. विमानयुगातही आरंभी हेच चालू राहिले. जानेवारी १९४९ मध्ये भारतात रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली, तेव्हा मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्रीच्या सुमारास नागपुरात एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करीत आणि पहाटेपर्यंत आपापल्या शहरी परतत. मुंबईच्या विमानाची वाट याच पट्ट्यातली. पण खालच्या गावांना तो केवळ आवाज होता, कारण ते विमान कोणते, किती उंचीवर आणि कोठे निघाले हे जाणण्याचे साधन वैमानिक आणि नियंत्रक यांच्याखेरीज कोणाजवळही नव्हते. ही परिस्थिती बदलली ती विमाने स्वतः बोलू लागल्यामुळे.

हे बोलणे समजण्यासाठी रडारच्या दोन प्रकारांतील भेद ध्यानात घ्यावा लागतो. प्राथमिक रडार म्हणजे जमिनीवरून लहर सोडून तिचा प्रतिध्वनी टिपणारे यंत्र. त्यावरून वस्तूची दिशा आणि अंतर कळते, पण ती वस्तू कोणती आणि किती उंचीवर आहे हे कळत नाही. दुय्यम रडार विमानाला १०३० मेगाहर्ट्झ या कंप्रतेवर प्रश्न विचारते आणि विमानातील ट्रान्सपाँडर, म्हणजे प्रश्न येताच आपोआप उत्तर देणारा प्रेषक, १०९० मेगाहर्ट्झवर आपला संकेतांक आणि उंची कळवतो. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरी येथे सौदी आणि कझाक विमानांची हवेत टक्कर होऊन ३४९ माणसे मृत्युमुखी पडली, त्या वेळी दिल्लीच्या नियंत्रकापुढे असलेल्या प्राथमिक रडारवर विमानांची उंची दिसत नव्हती आणि ती वैमानिकांच्या तोंडी सांगण्यावरूनच गृहीत धरावी लागत होती. त्या दुर्घटनेनंतर भारतात दुय्यम रडार आणि विमानांतील टक्करविरोधी यंत्रणा यांना जी निकड प्राप्त झाली, ती या इतिहासातील महत्त्वाची पायरी होय. पुढची पायरी अशी की विमानाने प्रश्नाची वाट न पाहता उपग्रहांच्या मदतीने स्वतःचे स्थान काढावे आणि ते सतत जाहीर करीत राहावे. या पद्धतीस एडीएस-बी म्हणतात. अमेरिकेने १ जानेवारी २०२० पासून आपल्या बहुतांश नियंत्रित हवाई क्षेत्रात ती सक्तीची केली आणि आज मोठ्या प्रवासी विमानांत ती सर्वत्र आढळते.

या जाहीर संदेशाची रचना काटकसरीची आहे आणि तिच्यापाशी थोडे थांबणे उचित ठरेल, कारण नकाशावर दिसणारी प्रत्येक गोष्ट तिच्यातूनच येते. पूर्ण संदेश ११२ बिटांचा असतो. बिट म्हणजे शून्य किंवा एक एवढेच सांगणारा माहितीचा सर्वांत लहान घटक. आरंभीच्या इशाऱ्यासह हा सारा संदेश १२० मायक्रोसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या आठ हजाराव्या भागाहून थोड्या कमी वेळात संपतो. त्यातील २४ बिट विमानाच्या जागतिक क्रमांकाचे असतात, ५६ बिट प्रत्यक्ष मजकुराचे आणि शेवटचे २४ बिट पडताळणीचे. संदेश वाटेत बिघडला तर पडताळणीचे गणित जुळत नाही आणि तो टाकून देता येतो. चोवीस बिटांतून सुमारे एक कोटी अडुसष्ट लाख क्रमांक तयार होतात, त्यांपैकी २,६२,१४४ क्रमांकांचा गट भारताच्या वाट्याला आलेला आहे, आणि म्हणून विमानाचे नाव-गाव कळण्यापूर्वीच ते भारतात नोंदलेले आहे की नाही हे क्रमांकाच्या पहिल्या अंकांवरूनच ओळखता येते. उड्डाणादरम्यान स्थान आणि वेग हे दोन्ही सेकंदाला सुमारे दोनदा कळवले जातात, तर उड्डाणाचे नाव सुमारे पाच सेकंदांनी एकदा.

स्थान कळवण्याची युक्ती तर विशेष आहे. अक्षांश आणि रेखांश पूर्ण लिहायचे तर बिट पुरत नाहीत, म्हणून पृथ्वी उत्तर–दक्षिण पट्ट्यांत विभागून पट्ट्याच्या आतील जागा तेवढी पाठवली जाते आणि पट्टा कोणता हे सांगितलेच जात नाही. एका संदेशात पृथ्वीभोवतीचे हे पट्टे ६० मानलेले असतात, दुसऱ्यात ५९; दोन्ही संदेश थोड्या अंतराने हाती आले की दोन्ही विभागण्यांना एकाच वेळी जुळणारा पट्टा एकच उरतो आणि स्थान काही मीटरांच्या अचूकतेने निश्चित होते. रिसीव्हरचे स्वतःचे स्थान आधीच ठाऊक असेल, तर जवळच्या विमानासाठी एक संदेशही पुरतो. अँटेना जेथे उभी आहे तेथील अक्षांश–रेखांश उभारणीच्या वेळी विचारले जातात त्याचे एक कारण हे आहे, आणि ते अंदाजाने भरणाऱ्याचा नकाशा पुढे अंतर आणि पल्ला यांबाबत चुकीची माहिती देत राहतो.

साखरखेर्ड्याच्या छतावरून किती दूरचे ऐकू येईल, याचे उत्तर यंत्राच्या किमतीवर फारसे अवलंबून नसून पृथ्वीच्या गोलाईवर आहे. १०९० मेगाहर्ट्झच्या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात आणि क्षितिजाआड गेलेले विमान त्यांना गाठता येत नाही. विमानाची मीटरमधील उंची घेऊन तिचे वर्गमूळ काढावे आणि त्याला ४.१२ ने गुणावे, म्हणजे जमिनीलगतच्या अँटेनापासूनचे किलोमीटरमधील कमाल अंतर मिळते. ३५,००० फूट, म्हणजे सुमारे १०,७०० मीटर उंचीवरील विमानासाठी हे अंतर ४२५ किलोमीटरच्या आसपास भरते. साखरखेर्ड्याहून मुंबई सरळ रेषेत चारशे किलोमीटरच्या आत आहे आणि नागपूर तीनशेच्या आत. त्यामुळे या दोन्ही शहरांवरून उंचावरून निघून जाणारी विमाने तत्त्वतः या गावातील अँटेनाच्या टप्प्यात येतात, परंतु त्या शहरांत उतरणारे एकही विमान जमिनीपर्यंत दिसू शकत नाही. छत्रपती संभाजीनगरचे चिकलठाणा विमानतळ अवघे एकशे दहा किलोमीटरवर असले, तरी तेथे उतरणारे विमान सातशे मीटर उंचीच्या आसपास येताच नाहीसे होते, आणि मध्ये डोंगराची सोंड असेल तर त्याही आधी. थोडक्यात, या गावाच्या नकाशावर उड्डाण नाही आणि उतरणेही नाही; प्रवासाचा मधला, निवांत भाग तेवढा आहे. व्यापारी संकेतस्थळावरील नकाशा पाहून ज्याला विमान धावपट्टीवरून निघताना आणि थांब्याला लागताना पाहण्याची सवय झाली आहे, त्याला हे उणे वाटेल. या पुस्तिकेची भूमिका वेगळी आहे. ज्या नकाशाची मर्यादा वहीतल्या एका वर्गमुळाने आधीच काढता येते, त्यावर अधिक विश्वास ठेवता येतो. ताशी ९०० किलोमीटर वेगाचे विमान गावाच्या माथ्यावरून जाताना या वर्तुळाचा सुमारे ८५० किलोमीटरचा व्यास ओलांडायला जवळपास तासभर घेईल, हे आधी कागदावर मांडून मग पडद्यावर तपासणे माध्यमिक शाळेतील मुलांनाही जमण्यासारखे आहे.

हे सारे घरगुती आवाक्यात आले ते २०१२ या एकाच वर्षातील दोन घडामोडींमुळे. संगणकावर दूरदर्शनचे डिजिटल कार्यक्रम पाहण्यासाठी युरोपात विकल्या जाणाऱ्या स्वस्त यूएसबी डोंगलमधील विशिष्ट चिप, आपण पकडलेली लहर उलगडण्याच्या आधीच्या कच्च्या रूपातही संगणकाकडे सोपवू शकते, हे फिनलंडमधील अँटी पालोसारी यांच्या लक्षात आले. त्याचा अर्थ असा की ज्या कामासाठी पूर्वी खास रेडिओ लागत असे ते काम आता प्रोग्रॅम करू शकत होता. त्याच वर्षी रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक बाजारात आला. त्यानंतर थोड्याच काळात साल्वातोरे सानफिलिप्पो या इटालियन प्रोग्रॅमरने विमानांचे संदेश उलगडणारा डम्प१०९० हा मुक्त प्रोग्रॅम लिहिला. हेच गृहस्थ रेडिस या जगभर वापरल्या जाणाऱ्या डेटाबेसचेही कर्ते आहेत, आणि मोठ्या कामातून सवड काढून केलेल्या या लहानशा कामाने हौशी लोकांचे एक नवे क्षेत्र उभे केले. त्यातून पुढे इतरांच्या हातून रीडएसबी हा सुधारित उलगडक आणि टार१०९० हे नकाशाचे पान तयार झाले. डोंगल सेकंदाला सुमारे चोवीस लाख नमुने घेतो, उलगडक त्या प्रवाहात आरंभीच्या इशाऱ्याचा ठसा शोधतो, पडताळणीचे गणित जुळवतो आणि नकाशाचे पान ते परिणाम ब्राउझरमध्ये मांडते. एवढीच ही साखळी आहे.

मात्र या साखळीतील प्रत्येक दुव्याला स्वतःच्या गरजा असतात. उलगडकाला विशिष्ट लायब्ररी, म्हणजे इतरांनी लिहिलेले तयार उपप्रोग्रॅम लागतात. नकाशाच्या पानाला वेब सर्व्हर लागतो, आलेखांना आणखी काही. आणि एकाची गरज भागवताना दुसऱ्याचे बिघडते, हा अनुभव या क्षेत्रात नवा नाही. या अडचणीवरील उत्तर म्हणजे कंटेनर. न्हावाशेव्याच्या बंदरातून निघालेला आणि समृद्धी महामार्गावरून ट्रेलरवर जाताना दिसणारा पोलादी कंटेनर आत काय आहे याची जहाजाला, क्रेनला किंवा ट्रेलरला पर्वा करू देत नाही, आणि संगणकातील कंटेनरची कल्पना तिथूनच आलेली आहे : प्रोग्रॅम आणि त्याला लागणारे सर्व साहित्य एका बंद संचात भरायचे आणि तो संच कोणत्याही लिनक्स संगणकावर तसाच चालवायचा. लिनक्सच्या गाभ्यात प्रक्रियांना एकमेकींपासून वेगळे ठेवण्याची आणि त्यांच्या वाट्याची स्मृती व प्रक्रियाशक्ती मोजून देण्याची सोय आधीपासून होती. मार्च २०१३ मध्ये सॉलोमन हाइक्स यांनी मांडलेल्या डॉकर या साधनाने ती सर्वसामान्यांना वापरण्याजोगी केली. कंटेनर म्हणजे संगणकाच्या पोटातील दुसरा पूर्ण संगणक नव्हे. तो यजमान संगणकाचाच गाभा वापरतो, म्हणून हलका असतो आणि रास्पबेरी पायसारख्या लहान यंत्रावरही सहज चालतो. ज्या बंद संचावरून तो उभा राहतो त्यास इमेज म्हणतात. विमान-नकाशासाठी हौशी विकसकांच्या एका गटाने अल्ट्राफीडर नावाची इमेज तयार केली असून तिच्यात उलगडक, नकाशा, आलेख आणि इतर केंद्रांशी माहितीची देवघेव करणारे भाग एकत्र बांधलेले आहेत.

वापरणाऱ्याला स्वतः लिहावी लागते ती एकच फाइल, आणि तिला कंपोज फाइल म्हणतात. कोणती इमेज घ्यायची, यूएसबीवरील डोंगल आतल्या प्रोग्रॅमच्या हाती कसा द्यायचा, अँटेनाचे अक्षांश, रेखांश आणि उंची काय, कालविभाग कोणता, आतील नकाशाचे पान बाहेर कोणत्या क्रमांकाच्या दारावर, म्हणजे पोर्टवर उघडायचे, आणि कोणती माहिती कंटेनर पुसला तरी टिकली पाहिजे, एवढ्या बाबी तिच्यात येतात. ओळीच्या आरंभी सोडलेल्या मोकळ्या जागांना या फाइलमध्ये अर्थ असतो. तेथे टॅबची कळ वापरली तर फाइल वाचलीच जात नाही, आणि नवशिक्याचा पहिला अडथळा बहुधा हाच ठरतो. दुसरा अडथळा काहीसा गमतीचा आहे : लिनक्सचा गाभा डोंगलला अजूनही दूरदर्शनसंच समजतो आणि तो लावताच टीव्हीचा चालक-प्रोग्रॅम त्याचा ताबा घेतो, त्यामुळे त्या चालकाला आधी यजमान संगणकावर मज्जाव करावा लागतो. हे काम कंटेनरच्या आतून होत नाही.

येथे या पुस्तिकेचे मुख्य म्हणणे येते. कंटेनरमुळे संगणकाची बाजू इतकी सोपी झाली आहे की सारी उभारणीच सोपी झाल्याचा समज पसरतो. वास्तविक अडचण नाहीशी झालेली नसून ती संगणकावरून छतावर गेली आहे. फ्रँकफर्टच्या आणि साखरखेर्ड्याच्या कंपोज फाइलमध्ये स्थानाचे आकडे आणि कालविभाग सोडले तर काहीही वेगळे असणार नाही, पण दोन्ही ठिकाणच्या छतांत, उन्हात आणि विजेत काहीच समान नाही, आणि परदेशी मार्गदर्शिका वाचून उभारणी करणारा फसतो तो येथेच.

उदाहरणार्थ, मे महिन्यात पारा चाळीस अंशांच्या वर गेलेला असताना टिनाच्या छताखाली किंवा उन्हात बसवलेल्या प्लास्टिकच्या खोक्यात तापमान कोठवर जाते हे विदर्भातील वाचकास सांगण्याची गरज नाही. अँटेनाच्या जवळ रिसीव्हर ठेवावा म्हणजे केबल आखूड राहते, हा थंड देशांतील सल्ला येथे जसाच्या तसा पाळला तर डोंगल आणि संगणक दोन्ही तापून बेभरवशाचे होतात. उलट, संगणक खाली घरात ठेवून दहा-बारा मीटरची केबल सोडली तर केबलवाल्याकडे सहज मिळणाऱ्या आरजी-६ जातीच्या केबलमध्ये या कंप्रतेवर दोन ते अडीच डेसिबल, म्हणजे मिळालेल्या संकेताच्या शक्तीपैकी चाळीस टक्क्यांच्या आसपास, वाटेतच खर्ची पडते. ही तूट परवडते, कारण मोठ्या विमानाचा ट्रान्सपाँडर क्षणभरासाठी का होईना १२५ ते ५०० वॉट शक्तीने बोलत असतो. उन्हाने बंद पडलेले यंत्र परवडत नाही. म्हणून या पुस्तिकेत केबल लांब ठेवण्याचा पक्ष घेतला आहे. अँटेना घरी करता येते : या लहरीची लांबी साडेसत्तावीस सेंटिमीटर, तिचा चतुर्थांश ६.९ सेंटिमीटर, तेवढ्या लांबीची तांब्याची एक उभी तार आणि तिच्या बुडाशी तिरक्या उतरत्या चार तारा, एवढे आरंभाला पुरते. गावातला मोबाइल टॉवर शेजारीच असेल तर त्याच्या आठशे-नऊशे मेगाहर्ट्झच्या दणकट लहरी डोंगलला बहिरे करतात आणि १०९० वगळता इतर कंप्रता अडवणारा फिल्टर घ्यावाच लागतो. टॉवर दूर असेल तर हा खर्च टाळावा.

विजेचा प्रश्न दुहेरी आहे. वीज गेली आणि आली की संगणक बंद होऊन पुन्हा सुरू होतो, आणि त्या क्षणी मेमरी कार्डावर काही लिहिले जात असेल तर कार्डावरील फाइली बिघडतात. भारनियमनाच्या भागात अशी कार्डे निकामी होणे ही नेहमीची तक्रार आहे. कंटेनरची खरी किंमत येथे कळते. हाताने थोडी थोडी करून बसवलेली यंत्रणा बिघडली तर काय काय केले होते हे आठवत बसावे लागते. कंटेनरच्या यंत्रणेत कंपोज फाइलची एक प्रत दुसरीकडे जपलेली असली की नवीन कार्ड, नवी लिनक्स, तीच फाइल आणि इमेज उतरवून घेण्यापुरते इंटरनेट एवढ्यावर सारे पूर्ववत उभे राहते. शिवाय सतत बदलणारी माहिती कार्डावर न लिहिता स्मृतीतच ठेवण्याची आणि वीज येताच कंटेनर आपोआप सुरू करण्याची सोय त्याच फाइलमध्ये करता येते. दुसरी वीज आकाशातली. मान्सूनच्या आधीच्या वळवाच्या दिवसांत उघड्या छतावरचा धातूचा खांब ही जोखीम आहे. खांबाला आणि केबलला जमिनीत नीट पुरलेले अर्थिंग देणे आणि गडगडाट सुरू होताच केबल संगणकापासून सोडवणे या दोन गोष्टींना पर्याय नाही. विमान-नकाशाच्या हौसेत जिवाची खरी जोखीम कोठे असेल तर ती छताच्या काठावर आणि या खांबापाशी आहे.

नकाशा घरच्या वायफायवर कोणत्याही मोबाइलवर दिसतो आणि त्यातील विमानांसाठी इंटरनेट लागत नाही. इंटरनेट लागते ते विमानांच्या खाली दिसणाऱ्या भूपटासाठी, जो बहुधा ओपनस्ट्रीटमॅप या २००४ मध्ये सुरू झालेल्या लोकसहभागाच्या नकाशातून येतो. त्या भूपटात आपल्या परिसरातील वाडी-वस्तीचे नाव नसेल तर ते कोणालाही भरता येते, आणि विमान-नकाशाच्या निमित्ताने तालुक्यातील चार गावे त्यात नीट आली तर तो या उद्योगाचा अनपेक्षित लाभ म्हणावा लागेल. जगभर पाहिली जाणारी विमान-नकाशांची संकेतस्थळेही अशाच घरगुती अँटेनांवर उभी आहेत : फ्लाइटरडार२४ हे २००६ मध्ये दोन स्वीडिश हौशी व्यक्तींनी सुरू केलेले काम होते आणि त्याचा विस्तार स्वयंसेवकांनी पाठवलेल्या माहितीवर झाला. आपली माहिती कोणाला द्यावी हा मात्र विचाराचा प्रश्न आहे. हौशी लोकांच्या माहितीवर वाढलेले एडीएस-बी एक्स्चेंज हे संकेतस्थळ जानेवारी २०२३ मध्ये एका कंपनीने विकत घेतले, तेव्हा अनेकांनी आपली माहिती तेथून काढून घेतली आणि स्वतंत्र नवी केंद्रे उभी केली. स्वित्झर्लंडमधून चालणारे ओपनस्काय नेटवर्क अशी माहिती संशोधनासाठी साठवते. विनामूल्य दिलेल्या माहितीवर इतरांनी व्यवसाय करावा की करू नये यावर मतभेद राहतील. घरच्या नकाशाचे मालक असण्याचा फायदा इतकाच की देणे किंवा न देणे ही निवड आपल्या हाती राहते आणि कोणालाही काही न देता नकाशा तितकाच चालतो.

नकाशावर दिसते ते विमानाचे स्वतःविषयीचे म्हणणे असते, ही गोष्ट विसरता कामा नये. संदेशाला कुलूप नाही आणि बोलणाऱ्याची ओळख पटवण्याची सोयही नाही. उपग्रहांचे संकेत कोणी बिघडवले तर विमान स्वतःच फसते आणि फसलेले स्थान प्रामाणिकपणे जाहीर करते. अमृतसर आणि जम्मू भागांत असे प्रकार घडल्याचे केंद्र सरकारने संसदेत मान्य केलेले आहे. लष्करी विमाने हवे तेव्हा गप्प राहू शकतात, त्यामुळे रिकामे दिसणारे आकाश रिकामे असेलच असे नाही. उंचीचा आकडाही सरळ नाही : तो हवेच्या दाबावरून, १०१३.२५ हेक्टोपास्कल या प्रमाण दाबाच्या हिशेबाने काढलेला असतो, आणि वऱ्हाडातील उन्हाळ्याच्या तापलेल्या हवेत विमानाची खरी उंची त्या आकड्याहून जास्त असते. सर्व विमाने एकाच मापाने चुकत असल्याने परस्परांतील अंतर बरोबर राहते, आणि नियंत्रकाला हवे असते ते तेवढेच.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगायची तर, भारतात १९३३ च्या बिनतारी तारायंत्र कायद्यानुसार प्रेषकच नव्हे, तर केवळ ऐकणारे यंत्रही परवान्याचा विषय होते. घरच्या रेडिओसाठी टपाल कार्यालयातून वर्षाचा परवाना घेण्याचा काळ ज्येष्ठ वाचकांच्या स्मरणात असेल. त्या कायद्याची जागा घेण्यासाठी २०२३ मध्ये नवा दूरसंचार कायदा संमत झाला आहे, आणि यंत्र विकत घेण्यापूर्वी त्याखालील त्या वेळचे नियम आणि सवलती पाहून घेणे ही वाचकाची जबाबदारी आहे. दुरून विमानांच्या हालचाली टिपणारे यंत्र छतावर दिसले की शेजाऱ्यांत आणि पोलीस ठाण्यात प्रश्न उठू शकतात; नकाशा उघडा ठेवून तो येईल त्याला दाखवणे हा त्यावरचा सर्वांत चांगला उपाय आहे.

एका अँटेनाने न होणारे एक काम शेवटी नमूद केले पाहिजे. स्वतःचे स्थान न सांगणाऱ्या, पण रडारच्या प्रश्नाला उत्तर देणाऱ्या विमानाचे स्थान, तोच संदेश अनेक केंद्रांवर किती मायक्रोसेकंदांच्या फरकाने पोचला यावरून काढता येते. विमानाची उंची माहीत असेल तर अशी किमान तीन केंद्रे लागतात, नसेल तर चार. साखरखेर्ड्याच्या जोडीला मेहकर, चिखली आणि देऊळगाव राजा येथे एकेक अँटेना उभी राहिली तर केंद्रांमधील अंतरे या गणिताला सोयीची आहेत, आणि अल्ट्राफीडरमध्ये त्यासाठी लागणारा भाग आधीच आहे. तेथे अँटेनाचे स्थान काही मीटरांपर्यंत अचूक असावे लागते, कारण प्रकाश एका मायक्रोसेकंदात तीनशे मीटर जातो. पहिल्या प्रकरणाकडे वळण्यापूर्वी वाचकाने म्हणून दोन गोष्टी करून ठेवाव्यात : अँटेना जेथे उभी करायची त्या नेमक्या जागेचे अक्षांश आणि रेखांश दशांशचिन्हापुढे पाच स्थळांपर्यंत, आणि समुद्रसपाटीपासूनची उंची मीटरमध्ये, टिपून घ्यावी, आणि त्या जागेवरून चहूबाजूंना पाहून कोणत्या दिशेला टाकी, झाड, डोंगर किंवा शेजारचा मजला क्षितिज अडवतो याचे एक साधे रेखाटन करावे, कारण तिसऱ्या प्रकरणातील पल्ल्याच्या आलेखात जी खोबण दिसेल तिचे कारण त्याच रेखाटनात शोधायचे आहे.